पारोळ्याचा किल्ला, झाशीचा तह आणि एका शब्दाचा अर्थ : आंतरराष्ट्रीय संबंधांची तोंडओळख

१/
जळगाव आणि धुळ्याच्या दरम्यान, महामार्गावर पारोळा हे तालुक्याचे गाव लागते. गावात एक भुईकोट किल्ला आहे. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी तो १७२७ च्या सुमारास बांधला, असे मानले जाते. बुरूज, खंदक, शेजारचा तलाव आणि आतले महादेवाचे मंदिर एवढे पाहून बहुतेक लोक पुढे जातात. परंतु राज्ये एकमेकांशी कोणत्या नियमांनी वागतात, ते नियम कोण ठरवतो आणि मोडले तर दाद कुठे मागायची, हे समजून घ्यायचे असेल तर या किल्ल्यापाशी थांबले पाहिजे. हा धागा त्यासाठी.

२/
कारण असे की, पारोळा ज्या घराण्याकडे होते तेच नेवाळकर घराणे झाशीचे राज्यकर्ते होते. एकाच घराण्याचे दोन पाय दोन वेगळ्या राजकीय जमिनींवर होते. झाशीत ते कंपनी सरकारशी तह करणारे संस्थानिक, तर खानदेशात त्याच कंपनीच्या अमलाखालचे जहागीरदार. या दोन दर्जांमधली रेषा नेमकी कुठून जाते, हा प्रश्न वरवर कागदी वाटतो. १८५४ मध्ये त्या रेषेवर एका राज्याचे भवितव्य ठरले.

३/
आधी एक मूळ संकल्पना. आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाचा पाया म्हणजे सार्वभौमत्व. आपल्या प्रदेशात अंतिम शब्द आपला आणि आपल्या डोक्यावर दुसरी सत्ता नाही, अशी स्थिती म्हणजे सार्वभौमत्व. युरोपात ही कल्पना १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाशी जोडली जाते. तिच्यातून एक अडचणही जन्माला येते. सर्वच राज्ये सार्वभौम असतील तर त्यांच्यात तंटा झाल्यावर निवाडा कोण करणार? गावात पाटील असतो, देशात न्यायालय असते. राज्यांच्या जगात असा सर्वमान्य वरिष्ठ कोणी नसतो. अभ्यासक या स्थितीला ‘अराजक’ म्हणतात. येथे अराजक म्हणजे गोंधळ नसून, वर राजा नसणे एवढाच अर्थ अभिप्रेत आहे.

४/
अठराव्या शतकातील मराठी राज्यव्यवस्थेला मात्र सार्वभौमत्वाची ही व्याख्या जशीच्या तशी लागू पडत नाही. नेवाळकर मूळचे कोकणातले. पेशव्यांच्या सेवेत हे घराणे खानदेशात आले, स्थिरावले. त्याच घराण्यातील रघुनाथ हरी यांना १७७० च्या सुमारास झाशीची सुभेदारी मिळाली. सुभेदार पेशव्यांचा, पेशवे छत्रपतींचे, आणि कागदोपत्री दिल्लीचा बादशहा सगळ्यांच्या वर. प्रत्यक्षात झाशीचा वसूल, फौज आणि न्याय सुभेदारच पाहत असे. सत्ता एकावर एक थर देऊन रचलेली होती. पुढे इंग्रजांनी हे थर एकेक करून काढले आणि प्रत्येक वेळी साधन म्हणून तहाचा कागद वापरला.

५/
पहिला थर निघाला तो ३१ डिसेंबर १८०२ रोजी. दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. संरक्षण कंपनीचे, खर्च पेशव्यांचा, आणि इतर सत्तांशी व्यवहार कंपनीला विचारल्याशिवाय करायचा नाही. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या भाषेत ही ‘विषम युती’ होय. दुबळ्या पक्षाला सुरक्षा मिळते, पण परराष्ट्र धोरणाचे स्वातंत्र्य गहाण पडते. एकदा ते गहाण पडले की सार्वभौमत्वाचे बाकीचे अवयव आपोआप सैल होऊ लागतात.

६/
दुसरा थर झाशीत. सुभेदार शिवराव भाऊ यांनी फेब्रुवारी १८०४ मध्ये कंपनीशी करार केला. त्या वेळी कंपनी शिंदे-होळकरांशी झुंजत होती आणि बुंदेलखंडात तिला मित्र हवे होते. शिवराव भाऊंना वाढत्या सत्तेशी जुळवून घ्यायचे होते. पेशव्यांवरील निष्ठा कायम ठेवूनच हा करार झाला. म्हणजे एक सुभेदार आपल्या धन्याचा सेवक राहून तिसऱ्या सत्तेशी थेट करार करत होता. लहान राज्यांसमोर नेहमी दोनच वाटा असतात. बलाढ्याविरुद्ध इतरांशी हातमिळवणी करून सत्तासंतुलन साधायचे, किंवा बलाढ्याच्या बाजूला जाऊन बसायचे. झाशीने दुसरी वाट धरली.

७/
तिसरा थर १८१७ मध्ये निघाला. १३ जून १८१७ च्या पुणे करारान्वये बाजीरावाला बुंदेलखंडावरील आपले हक्क कंपनीला द्यावे लागले. झाशीच्या डोक्यावरचा धनीच बदलला. झाशीला कोणी विचारले नाही. त्यानंतर १७ नोव्हेंबर १८१७ रोजी कंपनीने शिवराव भाऊंचे नातू रामचंद्रराव यांच्याशी नवा तह केला. त्यात रामचंद्रराव, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांना वंशपरंपरागत राज्यकर्ते म्हणून मान्यता दिली. योगायोग असा की, त्याच दिवशी पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. एकीकडे पेशवाईचा अस्त आणि दुसरीकडे तिच्या सुभेदाराला राज्यकर्ता म्हणून मान्यता, या दोन्ही गोष्टी एकाच तारखेच्या आहेत.

८/
आता खानदेशाकडे. येथे पेशवे, शिंदे आणि होळकर या तिघांचे परगणे एकमेकांत मिसळलेले होते. महिदपूरच्या पराभवानंतर होळकरांनी ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह केला आणि सातपुड्यातील व त्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख कंपनीला दिला. पेशव्यांचा मुलूख कंपनीने युद्ध जिंकून घेतला. जून १८१८ मध्ये बाजीराव शरण आला. खानदेशाचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे गेला आणि धुळे हे त्याचे केंद्र झाले.
प्रदेश मिळवण्याचे दोन मार्ग येथे शेजारी शेजारी दिसतात. तहाने सोडून दिलेला मुलूख, आणि जिंकलेला मुलूख.

९/
तहाचा कागद आणि जमिनीवरचे वास्तव यांच्यात किती अंतर असते, हे तापीकाठच्या थाळनेरने दाखवले. मंदसोरच्या तहानुसार हा किल्ला कंपनीचा झाला होता. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपची फौज तेथे पोहोचली तेव्हा किल्ल्यातून गोळीबार झाला. पुढे दरवाजापाशी शरणागतीची बोलणी चालू असताना झटापट होऊन इंग्रज अधिकारी मारले गेले. मग शिबंदीची सरसकट कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामा याला हिस्लॉपने फाशी दिले. कारण असे दिले की, धन्याने सोडून दिलेला किल्ला लढवणारा हा योद्धा नसून बंडखोर आहे.

१०/
येथे आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक गंभीर प्रश्न उभा राहतो. दोन दरबारांनी केलेला तह शेकडो मैल दूर असलेल्या किल्लेदाराला केव्हापासून बांधतो? सही झाल्यापासून, की त्याला धन्याचा हुकूम पोहोचल्यापासून? आणि लढणारा माणूस सैनिक की गुन्हेगार, हे विजेत्याने एकट्याने ठरवायचे का?
हा प्रश्न त्या काळातही विचारला गेला. १८१९ मध्ये ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानातील सैन्याचे आभार मानण्याचा ठराव आला, तेव्हा थाळनेरच्या फाशीचे समर्थन त्यातून काळजीपूर्वक वगळण्यात आले. हिस्लॉपला शिक्षा मात्र झाली नाही. नियम होते, त्यांची जाणीवही होती, पण ते बजावणारा कोणी नव्हता.

११/
१८१८ अखेरचे चित्र असे. झाशी : तहाने मान्यता मिळालेले राज्य. पारोळा : जिंकलेल्या प्रदेशातील जहागीर, जी चालू ठेवणे न ठेवणे नव्या सरकारच्या मर्जीवर. घराणे तेच, पूर्वज तेच, चालीरीती त्याच. पण एका ठिकाणी त्यांच्या हक्काचा आधार द्विपक्षीय करार होता, दुसऱ्या ठिकाणी सरकारची देणगी.
सिद्धांतात हा फरक जमीन-अस्मानाचा आहे. देणगी देणारा ती परत घेऊ शकतो. करार मात्र एकट्याला मोडता येत नाही.

१२/
ही रेषा सर चार्ल्स मेटकाफ यांनी १८३७ मध्ये शब्दांत मांडली. बुंदेलखंडातील वारसांच्या प्रश्नावर लिहिताना त्यांनी दोन वर्ग केले. जे स्वतःच्या अधिकाराने राज्य करणारे हिंदू राजे आहेत, त्यांना दत्तक घेण्याचा हक्क आहे. जे वरिष्ठ सत्तेच्या देणगीवर जमीन वा महसूल उपभोगतात, त्यांचा औरस वंश खुंटला तर देणगी परत घेता येते.
म्हणजे झाशी पहिल्या वर्गात गेली तर राज्य राहणार. दुसऱ्या वर्गात टाकली तर ती पारोळ्यासारखीच एक मोठी जहागीर ठरणार. पण वर्ग ठरवणार कोण?

१३/
परीक्षा १८५३ मध्ये आली. महाराज गंगाधरराव यांनी निधनाच्या आदल्या दिवशी, इंग्रज अधिकाऱ्यांच्या साक्षीने, नात्यातील वासुदेवराव नेवाळकर यांचा मुलगा आनंदराव याला दत्तक घेतले. त्याचे नाव दामोदरराव ठेवले. वय अवघे पाच वर्षे. मूल सज्ञान होईपर्यंत राणी लक्ष्मीबाईंनी कारभार पाहावा, अशी महाराजांची इच्छा होती. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी ते वारले.
वारसाहक्काच्या स्पर्धेत पारोळ्याचेही नाव होते. तेथील शाखेचे सदाशिवराव नारायण हेही झाशीच्या गादीवर हक्क सांगत होते.

१४/
गव्हर्नर-जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केले. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा. झाशीचे सुभेदार मुळात पेशव्यांचे नोकर. पेशव्यांचे हक्क १८१७ मध्ये कंपनीकडे आले. त्यानंतरचे राज्यपद ही कंपनीची देणगी. म्हणून मेटकाफच्या दुसऱ्या वर्गात झाशी बसते. शिवाय १८३५ मध्ये रामचंद्ररावांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावे सांगितलेले दत्तकविधान सरकारने मानले नव्हते, हा पूर्वदाखलाही त्याच्या हाताशी होता. साताऱ्यात १८४८ मध्ये हाच मार्ग वापरला गेला होता आणि नागपूरचीही तीच गत होत होती.

१५/
राणीचे उत्तर भावनेचे नव्हते, कायद्याचे होते. त्यांच्या खलित्यांतला मुख्य मुद्दा १८१७ च्या तहातील शब्दांवर उभा होता. तहात ‘वारिस’ आणि ‘जानशीन’ असे दोन वेगळे शब्द आहेत. केवळ रक्ताच्या वारसालाच गादी द्यायची असती, तर दुसरा शब्द घालण्याचे कारण नव्हते. जानशीन म्हणजे जागेवर बसणारा, आणि धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र त्या जागेवर बसतोच. शिवाय शेजारच्या ओरछा आणि दतिया संस्थानांत दत्तक मान्य केले, मग झाशीलाच वेगळा न्याय का? बुंदेलखंडाचा पोलिटिकल असिस्टंट मेजर एलिस यानेही झाशी व ओरछा यांच्या तहांत या बाबतीत फरक दिसत नाही, अशी बाजू मांडली होती.

१६/
युक्तिवाद म्हणून दोन्ही बाजू तोलून पाहण्यासारख्या आहेत. झाशीची सुरुवात सुभेदारीतून झाली, ही डलहौसीची गोष्ट खरी होती. पण मूळ कसेही असो, १८१७ नंतर संबंधाचा आधार तह हाच होता, ही राणीची गोष्टही तितकीच खरी होती. असा वाद दोन माणसांत झाला असता तर न्यायाधीशाने करार वाचला असता. येथे कराराचा एक पक्षकारच न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसला होता. फेब्रुवारी १८५४ च्या अखेरीस डलहौसीने निर्णय लिहिला आणि मार्चमध्ये झाशी खालसा झाली. राणीने जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला, वरपर्यंत दाद मागितली. लंडनच्या संचालक मंडळाने निर्णय कायम ठेवला.

१७/
या निर्णयातील सर्वांत बोलकी बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सरकारने दामोदररावांना गंगाधररावांच्या खाजगी मालमत्तेचा वारस मानले, राज्याचा मात्र मानले नाही. एकच मूल दागिन्यांसाठी पुत्र होते आणि गादीसाठी परके.
यालाच ‘मान्यता’ म्हणतात. राज्य आपल्या घरात कितीही कायदेशीर असले तरी इतरांनी, विशेषतः बलाढ्यांनी, ते मान्य केल्याशिवाय जगाच्या व्यवहारात त्याला जागा मिळत नाही. आजही कोणत्या प्रदेशाला देश म्हणायचे यावर वाद होतात, तेव्हा कळीचा मुद्दा हाच असतो.

१८/
पुढे १८५७. झाशीत उठाव झाला, इंग्रजांचा अंमल संपला, आणि त्या पोकळीत पारोळ्याचे सदाशिवराव पुढे आले. त्यांनी करेऱ्याचा किल्ला घेतला आणि स्वतःला झाशीचा राजा म्हणून जाहीर केले. राणीला इंग्रजांशी लढण्याआधी आपल्याच घराण्यातील दावेदाराला हुसकावावे लागले. वरची सत्ता नाहीशी होताच प्रत्येक जण आपापली सुरक्षा पाहू लागतो आणि जुने दावे शस्त्र घेऊन उभे राहतात. अभ्यासकांचे ‘अराजक’ येथे पुस्तकातून बाहेर येते. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला राणीला वीरमरण आले.

१९/
पारोळ्यालाही त्याची किंमत मोजावी लागली. १८५७ च्या उठावानंतर जहागीरदारांवर राजद्रोहाचा ठपका ठेवून सरकारने गाव जप्त केले आणि किल्ल्याची मोडतोड केली. आज जे पडके अवशेष दिसतात त्यांमागे काळ, ऊन आणि पाऊस आहेच, पण एक सरकारी निर्णयही आहे.
येथे कोणत्याही तहाचा अर्थ लावावा लागला नाही. जहागीर ही देणगी होती, ती काढून घेतली. झाशीसाठी निदान कागदावर भांडता आले. पारोळ्याकडे तसा कागदच नव्हता.

२०/
आणि मग इतिहासाने एक विचित्र वळण घेतले. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणी व्हिक्टोरियाच्या जाहीरनाम्यात, कंपनीने संस्थानिकांशी केलेले तह पाळले जातील, असे आश्वासन होते. लॉर्ड कॅनिंगने पुढे संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. राणी लक्ष्मीबाई जे मागत होत्या, तेच आता सर्वांना मिळाले.
हे मनपरिवर्तन की हिशेब? उठावाच्या वादळात अनेक संस्थानिक इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले होते. त्यांना खालसा करण्यापेक्षा टिकवणे साम्राज्याच्या फायद्याचे होते. नियम बदलला, कारण बलाढ्याचे हितसंबंध बदलले.

२१/
तरीही हक्क दिला गेला तो सनदेच्या रूपाने, म्हणजे पुन्हा देणगी म्हणूनच. संस्थाने ही आंतरराष्ट्रीय कायद्याची पक्षकार आहेत का, या प्रश्नाचे उत्तर सरकारने मणिपूर प्रकरणात, ऑगस्ट १८९१ च्या अधिसूचनेत स्पष्टपणे दिले. हिंदुस्थान सरकार आणि संस्थाने यांच्यातील संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वे लागू होत नाहीत. एका वाक्याने सगळे तह ‘आंतरराष्ट्रीय’ कक्षेतून बाहेर गेले. १८१७ मध्ये ज्याला तह म्हटले होते, त्याचे वजन सनदेइतके झाले.

२२/
हे केवळ हिंदुस्थानात घडले असे नाही. १८४२ चा नानकिंगचा तह चीनवर युद्धानंतर लादला गेला. असे करार ‘असमान तह’ म्हणून ओळखले जातात. विसाव्या शतकात या अनुभवांतून काही नियम घडले. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने सर्व सदस्य राष्ट्रांची सार्वभौम समानता मान्य केली. १९६९ च्या व्हिएन्ना संकेताने तहांचा अर्थ लावण्याची रीत ठरवली. शब्दांचा सर्वसामान्य अर्थ, संदर्भ आणि उद्देश लक्षात घेऊन, सद्‌भावनेने अर्थ लावावा. बळाच्या धाकाने, सनदेची तत्त्वे मोडून घडवलेला तह रद्दबातल ठरतो, असेही त्यात आहे. ‘वारिस’ आणि ‘जानशीन’चा वाद या कसोटीवर झाला असता तर राणीची बाजू बरीच भक्कम ठरली असती.

२३/
पण भाबडेपणाही नको. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला चालायला संबंधित राष्ट्रांची संमती लागते. सुरक्षा परिषदेत पाच राष्ट्रांना नकाराधिकार आहे. डलहौसीची खुर्ची आता एकाच माणसाच्या मालकीची नाही, तरी ती पूर्णपणे रिकामीही झालेली नाही.
दुसरी सावधगिरी आपल्या इतिहासाबाबत. तुळशीराम मामाचा किल्ला होळकर दरबाराने त्याला न विचारता देऊन टाकला होता. बाजीरावाने बुंदेलखंडाचे हक्क दिले तेव्हा झाशीला विचारले नव्हते. आणि यांपैकी एकाही तहाच्या वेळी रयतेला कोणी काही विचारले नाही.

२४/
म्हणून कोणताही करार वाचताना, तो १८१७ चा असो की आजच्या वर्तमानपत्रातला, चार प्रश्न विचारावेत. सही करणारे दोन पक्ष तुल्यबळ होते का? मजकुरातील कोणते शब्द दोन अर्थांनी वाचता येतात? वाद झाला तर अर्थ कोण लावणार? आणि ज्यांच्या जमिनीवर हा करार लागू होणार, त्यांना विचारले होते का?
दामोदरराव पुढे इंदूरला राहिले आणि १९०६ मध्ये वारले. राज्य त्यांना कधीच परत मिळाले नाही. १८१७ च्या तहातील तो शब्द मात्र जागच्या जागी आहे, आणि कोणाही अभ्यासकाला तो आजही वाचता येतो.

धागा समाप्त.